एऴुमलैयान् आणि एडुकोंडलवाडु

तिरुपतीच्या यात्रेस गोमंतकातून, बेळगावातून वा हैदराबादेतून गेलेल्या आपल्या मंडळींच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. गिरी चढत असता अवतीभवती 'गोविंदा, गोविंदा' हा एकच घोष चाललेला असतो. पण घोष क्षणभर थांबला आणि सहप्रवाशांचे संभाषण सुरू झाले की दोन निरनिराळ्या भाषा कानांवर पडू लागतात. एका भाषेत त्या देवाला 'एऴुमलैयान्' म्हणतात, दुसरीत 'एडुकोंडलवाडु'. दोहोंचा अर्थ एकच: सात डोंगरांचा स्वामी. पहिले नाव तमिळ, दुसरे तेलुगू. आपल्याकडे या दोन्ही भाषांना सरसकट 'मद्रासी' म्हणून मोकळे होण्याची जुनी खोड आहे; आणि जे थोडे अधिक जाणतात तेही बहुधा 'तेलुगू ही तमिळचीच लेक असावी' एवढ्यावर विषय आटोपतात. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे.

ज्या गिरीवर आपण उभे असतो तोच या दोन भाषांची पुरातन सीमा होय. 'तोल्काप्पियम्' हा तमिळमधील सर्वांत प्राचीन व्याकरणग्रंथ. त्याच्या काळाविषयी पंडितांत मोठे मतभेद आहेत. परंतु त्याच्या प्रास्ताविकात तमिळ बोलणाऱ्या भूमीच्या मर्यादा सांगितल्या आहेत त्या सुस्पष्ट आहेत. उत्तरेस वेंगडम् आणि दक्षिणेस कुमरी. हे वेंगडम् म्हणजेच आपला वेंकटाचल. संघकालीन तमिळ काव्यात या डोंगरापलीकडील मुलखाला 'जेथे भाषा बदलते तो देश' अशा अर्थाचे नाव आहे, आणि तिकडील लोकांना 'वडुगर', म्हणजे उत्तरेकडचे, असे म्हटले आहे. तेलुगू लोकही या बाबतीत मागे राहिले नाहीत. ते तमिळला बोलण्यात 'अरवम्' म्हणतात. शेजाऱ्याच्या भाषेला तिच्या स्वतःच्या नावाने न हाक मारण्याची रीत सर्वत्र सारखीच दिसते.

आता त्या दोन नावांकडे पुन्हा वळू. एका देवाच्या दोन नावांत या दोन भाषांचे निम्मे नाते सामावलेले आहे. 'सात' या संख्येला तमिळमध्ये 'एऴु' व तेलुगूत 'एडु' म्हणतात. तमिळचा 'ऴ' हा वर्ण आपल्या 'ळ'हून वेगळा. जीभ मागे वळवावी परंतु टाळूस लावू नये, तेव्हा तो निघतो. 'तमिऴ' या नावाच्या शेवटी तोच आहे. तेलुगूच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत या वर्णासाठी स्वतंत्र अक्षर आढळते. पुढे तो वर्ण त्या भाषेतून लोपला आणि बहुधा त्याच्या जागी 'ड' आला. म्हणून तमिळ 'कोऴि' (कोंबडी) तेलुगूत 'कोडि' झाली, आणि ज्या राजवंशाला तमिळ लोक 'चोऴ' म्हणत तो तेलुगू ताम्रपटांत 'चोड' झाला. आपण त्यालाच 'चोळ' म्हणतो. एका घराण्याचे नाव तीन भाषांनी आपापल्या जिभेप्रमाणे वळविले.

डोंगराला मात्र तमिळ शब्द 'मलै' आणि रोजच्या तेलुगूतील शब्द 'कोंड'. येथे साम्य नाही. आणि शेवटचा प्रत्यय? 'तो' या अर्थी तमिळमध्ये 'अवन्', तेलुगूत 'वाडु'. वरवर पाहता यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे कोणासही वाटणार नाही. परंतु जुन्या तेलुगूत हा शब्द 'वांडु' असा होता, आणि 'तीन' या संख्येला तमिळमध्ये 'मून्ऱु', जुन्या तेलुगूत 'मूंडु' व आजच्या तेलुगूत 'मूडु' म्हणतात, हे ध्यानी घेतले म्हणजे वाट दिसू लागते. शिवाय तेलुगूला शब्दारंभीचा स्वर पुढे ढकलण्याची मोठी हौस. तमिळ 'इरण्डु' (दोन) तेलुगूत 'रेंडु' झाले. तमिळ 'उळ्' (आत) तेलुगूत 'लो' झाले. त्याच रीतीने आरंभीच्या 'अव'चा 'वा' झाला. ज्याला आपण अपभ्रंश म्हणून नाक मुरडतो त्यातही असा कडक नियम असतो, आणि भाषेचे गोत्र शोधावयाचे ते अशा नियमांवरूनच. दोन शब्द ऐकण्यास सारखे आहेत एवढ्यावरून नव्हे.

हे गोत्र प्रथम कोणी ओळखले याची कथा रोचक आहे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी आपल्या 'तंत्रवार्तिका'त एक मौजेचा प्रसंग वर्णिला आहे. द्रविड भाषेतील शब्द व्यंजनान्त असतात. उत्तरेकडील पंडित ते ऐकून त्यांस संस्कृत प्रत्यय जोडतात आणि भलताच अर्थ लावतात. भाताला द्रविड लोक 'चोर्' म्हणतात, तर पंडित म्हणणार हा 'चोर'. सापाला जो शब्द आहे त्याचे 'पाप' करणार. पोटाला 'वैर्' म्हणतात त्यात 'वैर' पाहणार. तेराशे वर्षांपूर्वीच्या मीमांसकाने केलेली ही थट्टा आहे. तिचा रोख असा की, म्लेंच्छांच्या शब्दांस आपल्या व्याकरणाचा अंगरखा चढवून अर्थ काढू नये. 'चोऱु', 'पांबु' व 'वयिऱु' हे शब्द तमिळनाडूत आजही घरोघर चालू आहेत.

तथापि या सर्व भाषा संस्कृतातूनच निघाल्या हे मत पुढेही प्रबळ राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज विद्वानांनीही ते उचलले. त्यास पहिला सप्रमाण छेद दिला तो मद्रासचे कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी. 1816 साली कॅम्बेल यांचे तेलुगू व्याकरण प्रसिद्ध झाले; त्यास जोडलेल्या टिपणात एलिस यांनी तेलुगू, तमिळ व कन्नड यांचे धातू शेजारी शेजारी मांडून दाखविले की, संस्कृत शब्द बाजूस काढल्यावर जे मूळ उरते ते या भाषांत समान आहे आणि संस्कृताहून स्वतंत्र आहे. या कामी त्यांना मामिडि वेंकय्या यांच्या 'आंध्रदीपिका' या कोशाचा आधार होता. येथील पंडितांनी देशी, तद्भव व तत्सम असा भेद कित्येक शतके जपला नसता, तर एलिसांस आपले प्रमाण इतक्या सुलभतेने सापडले नसते, असे आमचे मत आहे. पुढे 1856 साली तिरुनेलवेलीकडील पाद्री रॉबर्ट कॉल्डवेल यांनी द्रविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले आणि 'द्रविड' हे कुलनाम रूढ झाले. कीर्ती कॉल्डवेलांस मिळाली. एलिस 1819 सालीच निवर्तले होते.

मग तेलुगू ही तमिळची कन्या की भगिनी? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात भद्रिराजु कृष्णमूर्ती यांनी दिले, आणि ते तमिळाभिमान्यांस व तेलुगू-अभिमान्यांस सारखेच अनपेक्षित होते. त्यांच्या वर्गीकरणाप्रमाणे तमिळ, मल्याळम् व कन्नड या दक्षिण शाखेच्या. तेलुगूचे सख्खे नाते जुळते ते गोंडी, कुई आदी अरण्यवासी भाषांशी. म्हणजे चांदा व गडचिरोलीच्या रानात जी गोंडी बोलली जाते, ती कुळाने तेलुगूला तमिळहून जवळची! ज्या भाषेत राजांनी महाकाव्ये लिहिली, तिची सख्खी बहीण लेखनाविना रानातच राहिली. तमिळ आणि तेलुगू यांची फारकत शिलालेखांच्या काळापूर्वीच फार दूर कोठे तरी झालेली असली पाहिजे. तेव्हा कन्या नव्हे. आणि भगिनी म्हणावयाचे तर सख्खी नव्हे, चुलत.

दोहोंच्या स्वभावातील भेदही डोळ्यांत भरतो. तेलुगूतील शब्द स्वरान्त; तमिळला व्यंजनान्ताची हरकत नाही. श्रीरामास तेलुगूत 'रामुडु' म्हणतात. जुन्या तमिळला शब्दारंभी 'र' खपत नाही, म्हणून तेथे 'इरामन्'. आणि कंबन कवीच्या रामायणात लक्ष्मणाचे नाव 'इलक्कुवन्' असे येते. संस्कृत शब्द घ्यावयाचा तर त्याचे उत्तरेकडचे वर्ण टाकून तमिळ वर्णांत घ्यावा, असा दंडक तोल्काप्पियम्‌नेच घालून दिला. तेलुगूने उलट केले. कृष्ण, लक्ष्मण, प्रह्लाद जसेच्या तसे घेतले, मागे आपला 'डु' जोडला, आणि संस्कृत समासांनाही घरात आसन दिले. आपल्या मराठी पंडितकवींचे वळण ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना तेलुगू प्रबंधकाव्य अपरिचित वाटू नये.

लिपीतही हेच. तेलुगू लिपीत क, ख, ग, घ, ङ असे आपल्याप्रमाणेच पूर्ण वर्ग आहेत. तमिळमध्ये अठरा व्यंजने. क, ख, ग, घ या चौघांस मिळून एकच अक्षर. त्यामुळे गिरीवर ज्या नामाचा गजर चालतो ते 'गोविंदा' तमिळ अक्षरांत उतरविले की आपल्या डोळ्यांस 'कोविन्ता' असे दिसते. वाचणारा मात्र 'गोविंदा' असेच वाचतो. कारण अनुनासिकानंतर 'त'चा 'द' आपोआप होतो आणि आरंभीचा 'ग' परंपरेने ठाऊक असतो. याला कोणी लिपीचे दारिद्र्य म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. तमिळच्या स्वतःच्या शब्दांत हे उच्चार स्थानपरत्वे ठरतात. मग त्यांस निराळी अक्षरे हवीत कशाला? अडचण येते ती परक्या शब्दांसाठी, आणि तीसाठी ज, ष, स, ह ही ग्रंथलिपीतील अक्षरे तमिळ लोकांनी बाजूस ठेवली आहेतच.

व्याकरणातील दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. तमिळमध्ये 'ती आली' म्हणजे 'वंदाळ्' आणि 'ते आले' म्हणजे 'वंददु'. तेलुगूत दोहोंस 'वच्चिंदि' हे एकच रूप. एकवचनात स्त्री आणि वस्तू यांस एका पंक्तीस बसविणारी ही भाषा अनेकवचनात मात्र स्त्रियांस पुरुषांच्या पंक्तीस 'वारु'मध्ये आणून बसविते. म्हणूनच वडीलधाऱ्या स्त्रीविषयी बोलताना आदरार्थी अनेकवचन योजण्याची तेथील सभ्यांची रीत.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. ऐकणाऱ्यासह 'आम्ही' आणि ऐकणाऱ्यास वगळून 'आम्ही' असा भेद तमिळमध्ये 'नाम्' व 'नांगळ्' या शब्दांनी आणि तेलुगूत 'मनमु' व 'मेमु' या शब्दांनी होतो. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीतही रूढ नाही. मराठीत मात्र 'आपण' आणि 'आम्ही' या शब्दांनी आपण तो नित्य पाळतो. भाषाशास्त्रज्ञ यात द्रविड सहवासाचा ठसा पाहतात. या लेखात आम्ही कोठे 'आम्ही' व कोठे 'आपण' असे लिहिले आहे, ते मद्रासच्या वाचकास न सांगता समजेल; काशीच्या वाचकास बहुधा समजावून द्यावे लागेल.

वयाचा वाद आता घेऊ, कारण खरी चुरस तेथेच आहे. मदुरेच्या आसपासच्या गुहांतील ब्राह्मी लिपीतले तमिळ लेख इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. संपूर्णपणे तेलुगूत कोरलेला पहिला शिलालेख कडप्पा जिल्ह्यातील कलमळ्ळ येथे सापडतो. तो रेनाटी चोडांचा, सुमारे इसवी सन 575 चा. अंतर सात-आठ शतकांचे. तथापि लेख उशिरा सापडला म्हणून भाषा उशिरा जन्मली असे होत नाही. आंध्र देशावर ज्यांचे राज्य होते त्या सातवाहनांची राजभाषा प्राकृत होती, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी संस्कृतास जवळ केले. प्रजा बोलत होती ते दगडावर चढलेच नाही. याच पैठणकर सातवाहनांची चांदीची काही नाणी अशी आहेत की, एका अंगास प्राकृत लेख आणि दुसऱ्या अंगास द्रविड भाषेतील. ती द्रविड भाषा तमिळ की तेलुगूचे आद्य रूप, यावर दोन्ही बाजूंनी शाई पुष्कळ खर्ची पडली आहे.

भारत सरकारने तमिळला अभिजात भाषेचा दर्जा दिला तो 2004 साली. तेलुगू व कन्नड यांना तो 2008 साली मिळाला आणि मराठीस 2024 साली. या दर्जासाठी जी प्रमाणपत्रे गोळा करावी लागतात, त्यांत हा वयाचा वाद फार माजतो. बोलणाऱ्यांची संख्या पाहिली तर 2011 च्या जनगणनेत तेलुगू 8 कोटी 11 लाख व तमिळ 6 कोटी 90 लाख होते. तमिळ त्याखेरीज श्रीलंकेत व सिंगापुरात राजमान्य आहे. यापलीकडे संख्येस आम्ही महत्त्व देत नाही.

वाङ्मयाच्या इतिहासात या दोन भाषांचे घर एकमेकांत इतके गुंतले आहे की, वाद घालणाऱ्यांस ते अडचणीचे व्हावे. तेलुगूतील आदिकवी नन्नय यांनी अकराव्या शतकात राजमहेंद्रवरम् येथे महाभारत तेलुगूत आणण्यास आरंभ केला तो वेंगीच्या राजराजनरेंद्राच्या आज्ञेने. या राजाची आई कुंदवै ही तंजावरच्या राजराज चोळाची कन्या. आणि पत्नी अम्मंगै ही राजेंद्र चोळाची कन्या, म्हणजे राजाची मामेबहीण. तेलुगूच्या पहिल्या महाकाव्याचा आश्रयदाता अशा रीतीने अर्धा तमिळ होता. त्याचा पुत्र कुलोत्तुंग 1070 साली चोळांच्या गादीवर बसला आणि त्याने तमिळ देशावर राज्य केले. नन्नयांचे अपुरे काम तेराव्या शतकात तिक्कन व पुढे एर्रन यांनी पुरे केले. तिक्कनांच्या मागोमाग आपल्याकडे ज्ञानदेव झाले.

विजयनगरच्या कृष्णदेवरायाचे उदाहरण याहून गोड आहे. कलिंगाच्या स्वारीत असता कृष्णातीरीच्या श्रीकाकुळम् येथे आंध्रविष्णूने त्यास स्वप्नात दर्शन देऊन तेलुगूत काव्य रचण्याची आज्ञा केली, असे तो स्वतः सांगतो. काव्य कोणाचे? तमिळ देशीच्या श्रीविल्लिपुत्तूर येथील गोदादेवीचे. आपण माळलेली फुलमाळ जिने देवास अर्पण केली त्या आंडाळचे. आणि ते अर्पण केले वेंकटेश्वरास. या 'आमुक्तमाल्यद' काव्यात भाषा तेलुगू, कथा तमिळ, आणि कवीची राजधानी कन्नड मुलखात. त्या राजाच्या व त्याच्या दोन राण्यांच्या मूर्ती तिरुमलैच्या देवळात हात जोडून उभ्या आहेत.

त्याच देवळाच्या भिंतींवरील शिलालेख बहुसंख्येने तमिळ आहेत. आणि त्याच देवळाच्या एका कोठडीत अन्नमाचार्यांची तेलुगू संकीर्तने ताम्रपटांवर कोरलेली, शतकानुशतके बंद पडून होती. अन्नमाचार्यांचा काळ 1408 ते 1503. विसाव्या शतकात ते ताम्रपट उजेडात आले व छापले गेले. वर्षभर पहाटे देवास संस्कृत सुप्रभाताने जागविले जाते; परंतु धनुर्मासात सुप्रभात थांबते आणि आंडाळची तमिळ 'तिरुप्पावै' म्हटली जाते.

तंजावरविषयी आपण मराठी माणसांनी थोडे अधिक थांबावयास हवे. त्या तमिळ भूमीवर आधी तेलुगू नायकांचे व 1676 च्या सुमारापासून भोसल्यांचे राज्य होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (1684 ते 1712) यांनी यक्षगाने व पदे रचली ती बहुतांशी तेलुगूत. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात तर पात्रे संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी बोलतात. राजा मराठी, प्रजा तमिळ, दरबारचे गाणे तेलुगू! त्यागराज (1767 ते 1847) तिरुवारूरास जन्मले, तिरुवैयारूस राहिले, आणि त्यांची कीर्तने तेलुगूत. त्या देशीच्या हरिकथेत तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचे वळण आणले. निरूपण तमिळमध्ये, मध्येच त्यागराजांचे तेलुगू कीर्तन, आणि त्यालगत साकी, दिंडी वा अभंग, अशी ती मैफल असते. मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीस देवळासमोर जी भागवतमेळ्याची नाटके होतात, तीही तेलुगू.

या सौहार्दास ओरखडा पडलाच नाही असे नव्हे. आपल्याच देशात आपल्याच सभांत तमिळ गीतांस शेवटचे स्थान का, असा प्रश्न 1941 साली अण्णामलै विद्यापीठातील परिषदेत विचारला गेला, आणि 1943 साली मद्रासेत 'तमिऴ् इसै संगम्' स्थापन झाला. प्रश्न गैर नव्हता. पण त्यागराजांस परके ठरविणे कोणासच साधले नाही. तमिळ गीते सभांत वाढली आणि तिरुवैयारूच्या आराधनेतील पंचरत्नेही तशीच राहिली.

सीमेचा तंटा अधिक कटू झाला. पोट्टि श्रीरामुलू यांनी आंध्र राज्यासाठी मद्रासेत उपोषण करून 15 डिसेंबर 1952 रोजी देह ठेवला. 1 ऑक्टोबर 1953 रोजी आंध्र राज्य झाले, मद्रास शहर तमिळांकडे राहिले. तेव्हा म. पो. शिवज्ञानम् यांनी तोल्काप्पियम्‌चा तोच जुना दाखला पुढे केला. वेंगडम् ही आमची उत्तर सीमा आहे, तेव्हा तिरुपती आमची! व्याकरणाच्या प्रास्ताविकाने राजकारणात उतरावे, असा हा विलक्षण प्रसंग. हा तंटा सोडविण्यास जे लवाद नेमले गेले ते महाराष्ट्रीय होते: हरि विनायक पाटसकर. त्यांनी तीन कसोट्या लावल्या. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत. तेलुगूंचा ताम्रपट नको, तमिळांचा पुराणग्रंथ नको. आज त्या खेड्यात कोण काय बोलतो तेवढे पाहावयाचे. 1 एप्रिल 1960 पासून तिरुत्तणी व आसपासचा मुलूख मद्रास राज्याकडे आला. तिरुपती आंध्राकडे राहिली. बेळगावच्या आमच्या वाचकांस हे नाव ऐकून ओळख पटेल. महाराष्ट्राने आपल्या सीमावादात हीच पाटसकर कसोटी लावण्याची मागणी केली. 1967 साली महाजन आयोगाने दिलेल्या अहवालात ती मान्य झाली नाही, आणि 2004 पासून तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

तिरुत्तणीच्या टेकडीवर मुरुगन्, तिरुमलैवर वेंकटेश्वर. मध्ये आता राज्याची सीमा आहे. ती ओलांडून आलेल्या तमिळ यात्रेकरूला तिरुपतीच्या बाजारात भाषेची अडचण सहसा पडत नाही. दुकानदार त्याच्याशी तमिळ बोलतो आणि मागे वळून आपल्या मुलाशी तेलुगू.